‘स्थानिक’ माती, ‘स्थानिक’ लोकर : सातारा-सांगलीच्या नव्या मातीकाम-विणकामाची पार्श्वभूमी

तेरडा, सोनकी, टोपली कारवी ही फुलं आज मग, ताटल्या आणि दुपट्ट्यांवर सर्रास दिसतात. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर साताऱ्याजवळच्या कास पठाराला मिळालेली प्रसिद्धी हे त्यामागचं मोठं कारण. वाईजवळच्या किकली गावातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा) आणि मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं यांचे आकारही त्याच ओघात आले. नक्षी उचलायला वेळ लागत नाही. वाद होतो तो ‘स्थानिक’ म्हणून विकली जाणारी वस्तू कशाची घडली यावर.

जुनी घडी सगळ्यांना ठाऊक आहे. कुंभार गाळाच्या मातीत राख आणि घोड्याची लीद मळायचा, आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजायचा. घोंगड्या विणणाऱ्या समाजातला सनगर खड्डामागावर (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर) घोंगडी विणायचा. आव्याचा ताव साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअस. एवढ्या तावात भांडं सच्छिद्र राहतं, माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. चहाच्या कपाला मात्र हा गुण दोष ठरतो.

गोंधळ इथून सुरू होतो. आपल्याकडची गाळाची माती लोहयुक्त. ताव 1100 अंशांच्या पुढे गेला की ती फुगते, बसते. निव्वळ काळी माती त्याहून हट्टी: वाळताना इतकी आकसते की भट्टीत जाण्याआधीच तडकते. म्हणून न पाझरणारं भांडं करणारे बहुतेक जण गुजरात-राजस्थानच्या खनिजांची तयार स्टोनवेअर माती (जास्त तावात भाजून न पाझरणारी होणारी) विकत आणतात आणि 1200 ते 1250 अंशांवर भाजतात. इथली माती त्यावर पातळ लेप म्हणून येते. नदीचा गाळ 80 मेशच्या (इंचाला 80 छिद्रांच्या) बारीक चाळणीतून गाळून लावला, तर त्या तावात तो स्वतःच वितळून तपकिरी-काळसर झिलई होतो. दिसतो सुंदर. पण अशा भांड्याला ‘कृष्णाकाठच्या मातीचं’ म्हणायचं का? आमच्या मते नाही. ‘कृष्णाकाठच्या मातीची झिलई’ म्हणावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पूर्ण भांडं इथल्याच मातीचं करणारेही आहेत. ते 1000 अंशांच्या आत थांबतात आणि पाझर स्वीकारतात. त्यांची खरी डोकेदुखी चुनखडीचे कण. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि आठवड्याभराने धड दिसणाऱ्या भांड्याची कपची उडते. कपची उडालेल्या जागी पडलेल्या खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की चुनखडी समजावी. माती बारीक चाळणं हाच भरवशाचा उपाय. भट्टीतून काढल्याबरोबर भांडं पाण्यात बुडवून ठेवलं तरी बरेचदा वाचतं.

लोकरीचंही तसंच. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर वर्षातून दोनदा कातरतात. वर्षाला मेंढीमागे साधारण अर्धा किलो, म्हणजे अडीच किलोच्या घोंगडीला पाच-सहा मेंढ्या लागतात. मटणाचा भाव चढत गेला आणि लोकरीचा पडला, तसे कळपांत जत भागातले माडग्याळ जातीचे नर शिरले. माडग्याळ अंगाने भरदार, पण लोकर तुरळक. बाजारात ‘माणदेशी घोंगडी’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच मालात बाहेरचं गिरणीचं सूत असतं, ते या टंचाईमुळे. हाताने कातलेला ताणा (मागावरचे उभे धागे) ओळखू येतो: धागा कमी-जास्त जाड असतो आणि चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी ताठ लागते. खळ पातळ राहिली तर मागावर ताणा सारखा तुटतो. पावसाळ्यात नीट वाळली नाही तर बुरशी धरते. भिंतीवर लावायच्या विणकामाला ही खळ धुऊन काढू नये, ताठपणा कामाचा असतो.

रंगांत हिरडा विश्वासाचा. सुती कापडाच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के हिरडापूड, मग गंजलेलं लोखंड आणि गूळ पंधरा-वीस दिवस आंबवलेलं पाणी. काळा पक्का बसतो. लोखंडाचं पाणी तीव्र झालं तर मात्र काही वर्षांत सूत कुजतं. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा पिवळा झळाळतो खरा, पण उन्हात लवकर विटतो. खिडकीसमोरच्या पडद्याला तो वापरू नये, आणि विकताना गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं.