यमुनेपासून पांडुरंगापर्यंत : मराठी कादंबरीत सांगणारा कसा बदलत गेला

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर पुढचे काही महिने फक्त मराठी कादंबऱ्या घ्यायच्या ठरल्या आहेत. ठरेपर्यंत वाद झाला, नेहमीचाच. ‘दोनशे पानं वाचली, पण घडलं काय?’ असं एकीकडून. ‘घडायला कशाला हवं, माणूस उभा राहिला ना!’ असं दुसरीकडून. कथानक मोठं की पात्र, हे भांडण आपल्याकडे काही पिढ्या चाललेलं आहे. मला ते चुकीच्या जागी घातलेलं भांडण वाटतं. मराठी कादंबरी मागे जाऊन वाचली की या दोन्हींच्या अलीकडे एक प्रश्न उभा दिसतो : गोष्ट सांगतंय कोण? सांगणारा बदलला की मांडणी बदलते, आणि मांडणी बदलली की पात्राला वाढायला जागा मिळते किंवा तिथल्या तिथे त्याचा जीव गुदमरतो. चर्चेला बसण्याआधी हाताशी असावी म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’पासून करायची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. बाबा पदमनजींच्या या पुस्तकाचं जोडनाव ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. लेखकाला काय करायचंय ते त्यातच सांगून टाकलेलं. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि जागोजागी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात. कहाण्या धाग्यात ओवलेल्या मण्यांसारख्या एकामागोमाग येतात. मधला मणी काढला तरी माळ तुटत नाही. अशा रचनेत यमुनेला बदलायला वाव कुठला? ती ऐकते, हळहळते, पुढच्या गावाला जाते. सांगणारा सुधारक आहे, आणि त्याला यमुनेपेक्षा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्या काळात असा प्रश्न कादंबरीतून मांडणं हेच धाडस होतं, म्हणून तक्रार नाही; पण पात्र म्हणून यमुना आठवत नाही, आठवतात त्या कहाण्या.

पाठोपाठ १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. संकटातली नायिका, दुष्टांचे डाव, योगायोगाने सुटका. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीची वाट पाडली. पुढे भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना याच तीन पुस्तकांची नावं खुणेसाठी वापरली. ती विभागणी कुणाला मान्य असो वा नसो, कट्ट्यावर वाद घालायला सोयीची आहे.

खरा पालट झाला हरिभाऊ आपट्यांपाशी, आणि इथे जरा थांबायला हवं. १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू झालं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः येऊ लागली. नायिका पुन्हा यमुना, सगळ्यांची यमू. फरक एवढाच की ही यमू स्वतः बोलते. विधवेचं दुःख हाच विषय, पण निरूपण करणारा बाजूला झाला आणि जिच्यावर गुदरलं तिच्या हातात लेखणी आली. लिहिणारा पुरुष आहे हे आपल्याला ठाऊक असतं. वाचताना ते विसरायला होतं.

याने काय साधलं ते सुरुवातीच्या प्रकरणांत नीट दिसतं. लहानगी यमू घरातल्या मोठ्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगते. त्यातलं अर्धं तिला कळत नाही, आपल्याला कळतं. लग्नाच्या गोष्टी चालल्या आहेत, पोर दादाशी चिडवाचिडवी करते आहे, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण पुढचं त्याला आधी दिसतं. लग्नानंतर रघुनाथरावांच्या हाताखाली ती शिकते, मुंबईच्या बिऱ्हाडात मोकळी होते, तशी तिची भाषाही मोकळी होते. सांगण्यातच तिचं वय वाढत जातं. मग नवरा जातो आणि शंकरमामंजी तिचं जबरदस्तीने केशवपन करवतात. हा प्रसंग इतका लागतो तो त्यातल्या क्रौर्यामुळे, हे तर खरंच. पण जिचं शहाणं होणं आपण तिच्याच तोंडून पानोपानी ऐकलं, तिच्यावर तो ओढवतो म्हणून जास्त लागतो. लेखकाने एकीकडे घटना रचल्या आणि दुसरीकडे पात्र घडवलं, असं इथे वेगळं काढून दाखवता येत नाही.

साप्ताहिकाचाही यात वाटा आहे. हप्त्याने छापायचं म्हणजे दर आठवड्याला काही तरी घडलं पाहिजे, पण एकदम फार नाही. त्यामुळे हरिभाऊंना घरातलं बारीकसारीक लिहायला सवड मिळाली : जेवणाच्या पंगती, सासूचे टोमणे, मैत्रीण दुर्गीचे हाल. कडेला लांबण लागली हेही खरं. आज वाचताना काही पानं उलटावीशी वाटतात, आणि उलटली तर हरिभाऊ रागावणार नाहीत.

ही कादंबरी १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी १ जूनला ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी. योगायोग आहे, पण बोलका आहे. हप्त्याहप्त्याने येणारी गोष्ट आता घरी नेऊन सलग वाचता येत होती, आणि सलग वाचणाऱ्याला पात्रातली विसंगती लगेच टोचते. मागच्या महिन्यात हा माणूस वेगळं बोलला होता हे हप्ता वाचणारा विसरतो. पुस्तक हातात धरलेला चार पानं मागे जाऊन बघतो.

भाव्यांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. जुनं महानुभाव वाङ्मय लोकांपुढे आणणाऱ्यांत ते होते. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ ही कादंबरी नव्हे. पण छोट्या छोट्या लीळा, त्यात बोलणारी, चिडणारी, हट्ट करणारी माणसं, आणि त्या तुकड्यांतून उभे राहणारे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर. तुकड्यातुकड्यांनी माणूस उभा करण्याची ही रीत आपल्याकडे कुणी साहेबाने आणली नाही. तिची आठवण पुढे ‘कोसला’पाशी ठेवायची आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत दोन दिशा फुटल्या. एक ना. सी. फडक्यांची. १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी लेखनाच्या तंत्राची सविस्तर चर्चा केली : गुंतागुंत कशी वाढवायची, उत्कंठा कुठे ताणायची, शेवट कसा करायचा. हा माणूस कसबी होता यात शंका नाही. मात्र त्यांच्या कादंबऱ्या मिटल्यावर वळणं लक्षात राहतात, माणसं एकमेकांत मिसळून जातात. गोष्ट चालवणारा हात इतका सराईत, की पात्राला स्वतःच्या मनाने एखादं पाऊल वाकडं टाकायची सोयच उरत नाही. ‘घडलं काय?’ हा आमच्या कट्ट्यावरचा सवाल मला तिथूनच वारशाने आलेला वाटतो.

दुसरी दिशा वामन मल्हार जोश्यांची. १९३४ मध्ये ‘इंदू काळे व सरला भोळे’ आली, आख्खी पत्रांतून. सगळ्यांच्या डोक्यावर बसून सांगणारा कुणी नाही. एकच माणूस एका पत्रात शहाणा वाटतो, दुसरीच्या पत्रात हेकेखोर. वाचणाऱ्याने दोन्ही पत्रं समोर ठेवून आपलं मत करायचं. कला आणि नीती यावरच्या चर्चा त्यात भरपूर आहेत, कधी कधी प्राध्यापकी थाटाच्या. तरी पत्राची घडी उलगडताना लिहिणाऱ्याचा स्वभाव सांडतोच. त्याच वर्षी विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांची ‘हिंदोळ्यावर’ आली. यमूचं दुःख पुरुषाने तिच्या तोंडून सांगितलं होतं. आता बाई स्वतः लिहीत होती, तरी टोपणनाव घ्यावं लागत होतंच.

‘रणांगण’ १९३९ ची. विश्राम बेडेकरांनी सगळा खेळ युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या एका बोटीवर मांडला. चक्रधर विध्वंस आणि ज्यू असल्यामुळे जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा. बोट बंदराला लागली की संपलं, हे पहिल्यापासून ठरलेलं. या बंदिस्तपणामुळे चक्रधरचा कडवटपणा आणि त्याला पडलेली चीर दोन्ही लपवता येत नाहीत. डेकवरून जाऊन जाऊन माणूस जाणार कुठे? एवढ्या थोड्या पानांत इतका माणूस मराठीत क्वचितच मावला आहे. बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ लिहून संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनात जसे येतील तसे विचार सलग उतरवण्याचा, प्रयोग केला. त्याचा उल्लेख सगळे करतात, वाचणारे कमी.

स्वातंत्र्यानंतर गाव आलं. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. ‘बनगरवाडी’त सांगणारा मास्तर आहे, पण तो स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी येतात, दोन गोष्टी बोलतात, निघून जातात. आणि दुष्काळात वाडी उठून जाते तेव्हा कळतं, की आपण ज्या पात्रात गुंतलो ते वाडी होतं. गावच पात्र असेल तर कथानकाला सरळ चढण लागत नाही, ऋतू पुरतात. पेंडशांनी पुढे १९८७ मध्ये ‘तुंबाडचे खोत’च्या दोन खंडांत जगबुडीच्या काठावर पिढ्यान् पिढ्या ओतल्या. तिथे एकेका माणसाचं बदलणं बाजूला पडतं; घराण्याचा पीळ कसा सैल होतो हीच गोष्ट होते.

लोकप्रिय कादंबरीनेही सांगणारे वाढवले, हे आपण मोजत नाही. ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, ‘मृत्युंजय’त (१९६७) कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. मांडणी धीट आहे. अडचण एकच : डोळे मिटून ऐकलं तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. सगळेच सुभाषितात बोलतात. तोंडं अनेक, जीभ एकच.

या पार्श्वभूमीवर नेमाड्यांचीच १९६३ ची ‘कोसला’ ठेवली की तिचा धक्का समजतो. पांडुरंग सांगवीकर पंचविशीतला, सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला. होस्टेल, मेस, मित्र, उधाऱ्या, परीक्षा, परत गाव. एवढ्याला कथानक म्हणायचं तर म्हणा. मधेच रोजनिशी येते, मधेच इतिहासाची टर उडवणारा भाग येतो. पांडुरंग सगळ्याचीच थट्टा करतो, स्वतःचीही, आणि वाचणाऱ्याला त्या थट्टेची सवय लागते. मग धाकटी मनी देवीने जाते. तिथे ती थट्टेची भाषा त्याला पुरत नाही. शब्द उरतात, त्यांतला टवाळपणा गळून पडतो. त्यानंतर तो पुन्हा थट्टा करतो, पण ती आपल्याला पूर्वीसारखी ऐकू येत नाही. पात्राचा विकास म्हणजे माणूस शहाणा होणं, सुधारणं, काही तरी मिळवणं अशी आपली शाळकरी समजूत असते. पांडुरंग काहीच मिळवत नाही. बदलतो तो त्याचा आवाज. आणि तुकड्यांची ती रचना नसती तर हा बदल लेखकाला समजावून सांगावा लागला असता.

१९७८ चं ‘बलुतं’ आत्मकथन आहे, तरी या यादीतून ते काढता येणार नाही. शिकला-सवरलेला, नोकरदार दया पवार आणि त्याच्या आत दडलेला दगडू मारुती पवार. दगडू सांगतो, दया ऐकतो. एकाच माणसाचे असे दोन भाग केल्यावर ‘मी’ हा सरळ शब्द राहिला नाही. नंतरच्या कादंबरीकारांना, दलित असोत वा नसोत, सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न टाळता आला नाही तो यामुळे.

हे सगळं जुनं का उगाळायचं, तर कट्ट्यावर लिहिणारेही आहेत. घणसोलीच्या गावठाणातला एक तरुण नवी मुंबईवर कादंबरी लिहितो आहे. १९७० मध्ये नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. मिठागरं आणि भातखाचरं गेली, सेक्टर आले. सामग्री तुडुंब आहे, आणि घोळ तिथेच होतो.

त्याचा पहिला खर्डा सगळं जाणणाऱ्या सांगणाऱ्याचा होता. तारखा चोख, मोर्चे चोख, आणि आजोबा ‘यमुनापर्यटन’मधल्या माणसासारखे फक्त प्रश्न मांडायला उभे. कुणीतरी सुचवलं, जासईचा दिवस घरी राहिलेल्या काकूला सांगू दे. त्याने तो भाग आगरी बोलीत तिच्या तोंडी घातला. मोर्चा पानावरून गेला. राहिली ती चुलीवरचं कालवण दोनदा गरम करणारी, दाराशी कोण येतंय ते बघणारी, शेजारणीच्या अर्धवट बातमीवर चिडणारी बाई. गोळीबार तिला संध्याकाळी कळतो, तोही चुकीच्या नावासकट. प्रसंग निम्मा झाला आणि काकू दुप्पट. त्याला अजून एक मोह आवरत नाही : भूसंपादनाचा कायदा काकूला सगळा कळतो, असं तो दोन ठिकाणी दाखवतो. ती दोन्ही ठिकाणं पेन्सिलीने खुणा करून त्याला परत दिली आहेत.