भारत-जपान भागीदारी आणि आपला व्यापार : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे कार्यालय पुणे परिसरातील लहान व मध्यम उद्योगांची आयात-निर्यातीची कागदपत्रे तयार करून देते. जपानशी व्यवहार करणारे किंवा करू इच्छिणारे आमचे ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात: दोन्ही देशांत करार झालेला आहे, दोन्हीकडचे पंतप्रधान एकमेकांच्या देशात येतात-जातात, गुंतवणुकीचे मोठमोठे आकडे जाहीर होतात, मग आमच्या मालाला त्याचा नेमका उपयोग काय? हे माहितीपत्रक त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहिले आहे. उत्तर थोडक्यात असे, की सरकारांनी केलेल्या करारातली सवलत आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते आणि कागदोपत्री सिद्ध करावी लागते. शिवाय जपानच्या बाबतीत बऱ्याच मालाची वाट आयात शुल्काने अडलेली नसून दर्जाच्या आणि तपासणीच्या अटींनी अडलेली असते. हे दोन मुद्दे नीट समजले, तर पुढचे निर्णय घेणे पुष्कळ सोपे जाते.

भागीदारी कशी घडत गेली

या संबंधांची आधुनिक व्यापारी सुरुवात मुंबईच्या बंदरातून झाली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. जपानी गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस हवा होता, पण तो वाहून नेणाऱ्या युरोपीय जहाज कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाडे चढे ठेवले होते. जमशेटजी टाटा यांनी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ साली मुंबई ते जपान अशी थेट जहाजसेवा सुरू झाली. जपानच्या बाजूने या व्यवहारामागे उभे राहिलेले उद्योगपती शिबुसावा एइइची यांचे चित्र २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर आहे. दूरच्या दोन देशांतल्या व्यापाऱ्यांनी वाहतुकीचा खर्च कमी करण्यासाठी एकत्र येणे, हा या नात्याचा पहिला धडा आजही तितकाच लागू पडतो, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर भारताने १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत भाग घेतला नाही. त्याऐवजी ९ जून १९५२ रोजी टोकियोत जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि त्यात युद्धाच्या भरपाईवरचा हक्क सोडून दिला. पराभूत जपानला त्या काळात सन्मानाने वागवणाऱ्या देशांत भारत होता, याची आठवण जपानमध्ये अजून ठेवली जाते. पुढे १९५८ साली जपानने येन चलनातले सवलतीचे कर्ज देण्यास सुरुवात केली, तेव्हा असे पहिले कर्ज भारताला मिळाले. १९८२ मध्ये सुझुकी आणि मारुती यांचा करार झाला आणि सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या देशातील असंख्य कारखान्यांना जपानी कामाची शिस्त प्रथमच जवळून पाहायला मिळाली. १९९१ च्या परकीय चलनाच्या टंचाईत रिझर्व्ह बँकेने जे सोने तारण ठेवले, ते बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे.

हे नाते अखंड सुरळीत होते असे मात्र नाही. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर जपानने नवी कर्जे थांबवली, आणि ते निर्बंध ऑक्टोबर २००१ मध्ये उठले. त्यानंतर २००६ साली 'सामरिक आणि जागतिक भागीदारी' जाहीर झाली, २०१४ मध्ये तिला 'विशेष' हे पद जोडले गेले आणि २०१६ साली नागरी अणुऊर्जा करारावर सह्या झाल्या. अणुबॉम्बचा भीषण अनुभव घेतलेल्या देशाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी असा करार करावा, ही साधी गोष्ट नव्हती. त्यातून दिसणारा विश्वास हाच या भागीदारीचा खरा पाया आहे.

व्यापारासाठी सर्वात महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार. त्यावर १६ फेब्रुवारी २०११ रोजी टोकियोत सह्या झाल्या आणि तो १ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. दोन्ही देशांमधील व्यापाराच्या सुमारे ९४ टक्के भागावरील आयात शुल्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून टाकायचे, असे त्यात ठरले होते.

शुल्क उतरले, तरी निर्यात का वाढली नाही

आकडे स्पष्ट आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कराराच्या आधी, २०१०-११ मध्ये, भारताची जपानला होणारी निर्यात सुमारे ५ अब्ज डॉलर होती. २०२३-२४ मध्येही ती सुमारे ५ अब्ज डॉलरच राहिली. त्याच काळात जपानकडून होणारी आयात साडेआठ अब्जांच्या आसपास होती, ती साडेसतरा अब्ज डॉलरांच्या पुढे गेली. पोलादासारख्या मालाच्या उत्पादकांनी या आयातीबद्दल वेळोवेळी नाराजी व्यक्त केली आहे, आणि ती निराधार नाही.

यामागे आम्हाला दिसणारे पहिले कारण असे, की यंत्रसामग्री, वाहनांचे सुटे भाग अशा बहुतेक औद्योगिक मालावर जपानचे सर्वसाधारण आयात शुल्क करारापूर्वीच शून्य किंवा नगण्य होते. त्यामुळे भोसरी-चाकणच्या कारखानदाराला जपानमध्ये माल पाठवताना करारामुळे नव्याने मिळण्यासारखे थोडेच होते. भारताचे शुल्क मात्र चढे असल्याने जपानी विक्रेत्याला आणि जपानी यंत्र विकत घेणाऱ्या आपल्या कारखानदाराला सवलतीचा मोठा लाभ झाला. तयार कपडे आणि कापड यांच्याबाबत चित्र वेगळे आहे, कारण तेथे जपानचे शुल्क खरोखर लागते आणि करारामुळे ते वाचते. दुसरे कारण चलनाचे. करार अमलात आला तेव्हा एका डॉलरला ७५ ते ८० येन मिळत होते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात हाच दर १६० च्या पुढे गेला. डॉलरमध्ये भाव सांगणाऱ्या निर्यातदाराचा माल जपानी ग्राहकाला त्याच्या चलनात जवळपास दुप्पट महाग पडू लागला, आणि एवढ्या फरकापुढे शुल्कातली पाच-दहा टक्क्यांची सवलत काहीच नाही. तिसरे कारण दर्जाच्या अटींचे. ते सर्वात कठीण आहे, आणि त्यावर मात करणे सर्वात जास्त आपल्या हातात आहे, म्हणून त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

सवलत मिळवण्यासाठी काय सिद्ध करावे लागते

सवलत फक्त भारतात किंवा जपानमध्ये 'उत्पन्न झालेल्या' मालाला मिळते. संपूर्णपणे येथेच पिकलेल्या वा तयार झालेल्या मालाबाबत प्रश्न येत नाही. बाहेरचा कच्चा माल वापरला असेल, तर सर्वसाधारण नियमानुसार दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: तयार मालाचा सहा आकडी एचएस कोड (मालाची वर्गवारी सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हा वापरलेल्या परदेशी मालाच्या कोडपेक्षा वेगळा असला पाहिजे आणि मूल्यातील पात्र वाटा, म्हणजे तयार मालाच्या किमतीतून परदेशी मालाची किंमत वजा केल्यावर उरणारा हिस्सा, किमान ३५ टक्के असला पाहिजे. समजा, आपल्या वस्तूची एफओबी किंमत (जहाजावर माल चढवेपर्यंतची किंमत) १,००० रुपये आहे आणि तिच्यात तिसऱ्या देशातून आणलेला ६०० रुपयांचा माल आहे, तर पात्र वाटा ४० टक्के होतो आणि मूल्याची अट पूर्ण होते. हाच परदेशी माल ७०० रुपयांचा असेल, तर वाटा ३० टक्क्यांवर येतो आणि सवलत जाते. त्या ७०० रुपयांतला काही भाग जपानी मूळ असलेला व तसा पुरावा असलेला असेल, तर तो परदेशी मालात धरला जात नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अनेक वस्तूंसाठी कराराच्या परिशिष्टात वेगळे नियमही दिलेले आहेत, म्हणून कोड निश्चित केल्याशिवाय आम्ही कोणालाही होकार देत नाही. भारताचा कोड आठ आकडी व जपानचा नऊ आकडी असतो, तरी पहिले सहा आकडे दोन्हीकडे समान असतात, आणि चर्चा त्या सहा आकड्यांवरच करावी.

भारतातून जाणाऱ्या मालाचे उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण 'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' म्हणतो ते, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून अर्ज करून निर्यात तपासणी परिषदेसारख्या अधिकृत संस्थांकडून मिळते. जपानकडून येणाऱ्या मालाचे प्रमाणपत्र जपान चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री देते, आणि ते मागण्याचे काम जपानी विक्रेत्याचे असते. म्हणून खरेदीची ऑर्डर देतानाच, दराची बोलणी संपण्यापूर्वी, 'भारत-जपान करारानुसार प्रमाणपत्र द्यावे' अशी अट लेखी घालावी, असा आमचा आग्रह असतो. जहाज न्हावा शेव्याला लागल्यावर प्रमाणपत्राची आठवण झाली, तर माल अडकून पडतो किंवा पूर्ण शुल्क भरावे लागते. मूळ सीमाशुल्काचा परतावा जीएसटीसारखा क्रेडिटच्या रूपाने मिळत नाही आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभारही लागतो. त्यामुळे ही बचत थेट यंत्राच्या किमतीतली बचत असते.

आयातदारांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या 'कॅरोटार' नियमांनुसार (करारातील सवलत मागणाऱ्या आयातदारांसाठीचे सीमाशुल्क नियम) केवळ प्रमाणपत्र सादर करणे पुरेसे नाही. माल त्या देशात कसा तयार झाला आणि मूल्याची अट कशी पूर्ण होते, याची माहिती आयातदाराने स्वतः विहित नमुन्यात जवळ ठेवली पाहिजे आणि ती किमान पाच वर्षे जपली पाहिजे. सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारले तर 'विक्रेत्याला विचारून सांगतो' हे उत्तर चालत नाही.

दर्जा आणि तपासणी : आंबा व कोळंबीचे उदाहरण

फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ साली भारतीय आंब्यावर बंदी घातली, आणि ती उठायला २००६ उजाडले. मधली वीस वर्षे केवळ बोलण्यात गेली नाहीत. फळातला किडा मरेल पण फळ बिघडणार नाही, अशी उष्ण बाष्पप्रक्रिया प्रमाणित करून जपानला पटवून द्यावी लागली. या प्रक्रियेत फळाच्या गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सियसवर नेऊन वीस मिनिटे राखले जाते. त्यानंतर हापूस, केसर, चौसा, बंगनपल्ली, लंगडा आणि मल्लिका या सहा जातींना परवानगी मिळाली. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे वाशीचे प्रक्रिया केंद्र अशाच कामासाठी आहे, आणि कोकणातल्या बागायतदाराचा हापूस जपानपर्यंत जायचा तो या वाटेने. या वीस वर्षांत शुल्काचा प्रश्न मुख्य नव्हताच. दोन्ही देशांच्या पीकसंरक्षण यंत्रणांना एकमेकांच्या कामावर विश्वास बसायला तेवढा काळ लागला.

कोळंबीची गोष्ट याहून बोलकी आहे. जपानने २९ मे २००६ पासून अन्नातील रसायनांच्या अवशेषांसाठी नवी पद्धत लागू केली, ज्यात वेगळी मर्यादा ठरवलेली नसलेल्या रसायनाला ०.०१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०१ भाग) ही एकसमान मर्यादा लागते. कोळंबीच्या खाद्यात इथॉक्सिक्विन हे रसायन वापरले जाई. २०१२ साली जपानने त्याच ०.०१ च्या निकषावर भारतीय कोळंबीची तपासणी सुरू केली आणि किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. भारताने शासकीय पातळीवर सातत्याने शास्त्रीय बाजू मांडली, आणि २०१४ मध्ये ही मर्यादा ०.२ पीपीएम करण्यात आली. राजनैतिक संबंधांचा लहान उत्पादकाला उपयोग होतो तो असा. मात्र त्यासाठी अडचणीची नोंद, चाचणीचे अहवाल आणि परत आलेल्या मालाची कागदपत्रे उत्पादकाकडून वर पोहोचावी लागतात. आमच्या ग्राहकांनी माल नाकारला गेल्यास गप्प बसून नुकसान सोसू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. बेदाणा, मसाले, हळद, तयार खाद्यपदार्थ पाठवणाऱ्यांनी फवारणीच्या नोंदी शेतापासून ठेवाव्यात आणि चाचणी माल भरण्यापूर्वी करून घ्यावी.

अभियांत्रिकी मालाला अवशेषांची अट नसते, पण जपानी खरेदीदाराची स्वतःची शिस्त असते. तो पहिली ऑर्डर लहान देतो, कारखाना पाहायला येतो, आणि एखादा नग सदोष निघाला तर तो बदलून मिळण्यापेक्षा दोष का आला आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केले, याचे लेखी उत्तर त्याला हवे असते. हे उत्तर प्रामाणिकपणे आणि वेळेत देणाऱ्याला वर्षानुवर्षे काम मिळत राहते.

महाराष्ट्रातील जपानी कर्जाचे प्रकल्प

मुंबईची मेट्रो ३ आणि शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू ही कामे जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या, म्हणजे जायकाच्या, कर्जातून झाली. अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धनालाही जपानी कर्ज मिळाले होते. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा जलदगती रेल्वेमार्ग ०.१ टक्के व्याजाच्या, पन्नास वर्षांत फेडायच्या कर्जावर उभा राहत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपे येथे जपानी उद्योगांसाठी औद्योगिक क्षेत्र राखलेले आहे. लहान उद्योगाला यात थेट कंत्राट मिळत नाही. उपकंत्राटदाराला माल पुरवण्याची संधी मात्र असते, आणि तेथेही दर्जाच्या नोंदीच पाहिल्या जातात.

माणसे पाठवताना

सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आहे. आपला कर्मचारी प्रशिक्षणासाठी किंवा यंत्र बसवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत जपानला जाणार असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून प्रमाणपत्र घेतल्यास दोन्ही देशांत दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ मधील शिखर भेटीत पाच वर्षांत पाच लाख लोकांची ये-जा आणि त्यात भारतातील ५० हजार कुशल मनुष्यबळ असे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. कुशल कामगारांची मागणी त्यामुळे वाढेल, तेव्हा जपानी भाषा शिकणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन द्यावे.

आमच्याकडे येताना

पहिल्या भेटीला मालाचा नमुना किंवा छायाचित्र, कच्च्या मालाची यादी व प्रत्येकाचा मूळ देश, खरेदीची बिले, सध्या वापरात असलेला एचएस कोड आणि आयईसीची (आयात-निर्यातदार क्रमांकाची) प्रत आणावी. जपानी ग्राहकाशी पत्रव्यवहार झाला असेल तर तोही आणावा. जपानचे सर्वसाधारण शुल्क आपल्या मालावर शून्य असेल, तर प्रमाणपत्राचा खर्च करू नका असे आम्ही त्याच बैठकीत सांगू, आणि तो वेळ चाचणी व दर्जाच्या नोंदींसाठी कसा वापरावा याची आखणी आपल्यासोबत बसून करू.