नेमबाजीसाठी पिस्तूल: आधी प्रकार ठरवा, मग हात, मग परवाना

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो: कोणत्या प्रकारचं शस्त्र हवं. नेमबाजीसाठी पिस्तूल घेऊ पाहणारे बरेच जण तिथे अडतात. दुकानात काय मिळतं, केवढ्याला मिळतं याची चौकशी झालेली असते, पण आपण कोणत्या स्पर्धाप्रकारात उतरणार हेच ठरलेलं नसतं. हा क्रम उलटा करा. आधी प्रकार ठरवा, मग त्यातलं हाताला बसणारं पिस्तूल शोधा आणि शेवटी कागदपत्रांकडे वळा.

कोल्हापूरला या खेळाची ओळख करून द्यायला नको. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. यातल्या दोघांची पदकं रायफलची आहेत, राहीचं पिस्तुलाचं. दोन्हींचं तंत्र वेगळं, खर्च वेगळा आणि कायद्याची वाटही वेगळी. इथे फक्त पिस्तुलाबद्दल.

१० मीटर एअर पिस्टल: परवाना लागत नाही

सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) आणि २० ज्यूलच्या आतल्या शक्तीचं हवेचं शस्त्र बाळगायला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्टलची शक्ती त्याहून बरीच कमी, साधारण सहा-सात ज्यूल असते. खरेदीच्या वेळी विक्रेता ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेतो. पावती आयुष्यभर जपून ठेवा, कारण प्रवासात कुणी हटकलं तर तीच दाखवावी लागते. मुलासाठी घेत असाल तर पालकाच्या नावाने घ्या.

तेही लगेच घेऊ नका. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या किंवा विभागीय क्रीडा संकुलाच्या रेंजवर आधी नाव घाला आणि तिथल्या किंवा प्रशिक्षकांच्या पिस्तुलावर काही महिने सराव करा. कोणती ग्रिप (पिस्तुलाची मूठ) त्रास देते आणि किती वजन पेलतं, हे त्या काळात कळतं. ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

हाताला बसतंय का, हे कसं ओळखायचं

सगळ्यात महत्त्वाची ग्रिप. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ यांच्या स्पर्धेच्या पिस्तुलांना लाकडी ग्रिप येते. तिचे लहान, मध्यम, मोठे असे आकार असतात आणि डाव्या-उजव्या हाताच्या ग्रिप वेगळ्या असतात. दुसऱ्याच्या हाताला बसलेली ग्रिप आपल्याला बसेलच असं नाही. पकडल्यावर तळव्यात पोकळी राहता कामा नये, आणि धरून ठेवण्यासाठी बोटं आवळावी लागता कामा नयेत. थोडं कमी-जास्त असेल तर कानसने घासून किंवा पुट्टी भरून जुळवता येतं. आकारच चुकला असेल तर घासून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ट्रिगरपर्यंतचं अंतर. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर टेकावं आणि बोट सरळ मागे जावं. बोट ग्रिपच्या लाकडाला घासत असेल तर प्रत्येक गोळी बाजूला ढकलली जाते. बहुतेक चांगल्या पिस्तुलांचा ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो.

एक सोपी चाचणी आहे. रिकामं पिस्तूल सुरक्षित दिशेला धरा, डोळे मिटा, हात नेहमीसारखा वर उचला आणि डोळे उघडा. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या साइटच्या खाचेत आपोआप दिसली तर ग्रिप जुळली. दर वेळी मनगट वळवून ती आणावी लागत असेल तर साठ गोळ्यांच्या सामन्यात शेवटच्या वीस गोळ्या हातातून जातात.

वजनाच्या बाबतीत नवखे फसतात. नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण बहुतेक एअर पिस्टल एक किलोच्या आसपास असतात. लहान मुलांसाठी आणि बारीक मनगटासाठी आखूड नळीची हलकी मॉडेल घेतलेली बरी. ट्रिगरचा ताण, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असलाच पाहिजे. सामन्याआधीच्या तपासणीत तो वजन लावून मोजतात.

वापरलेलं पिस्तूल घेत असाल तर दाबाची हवा भरायच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि ती संपलेला सिलिंडर वापरू नये. नवा सिलिंडर महाग पडतो, म्हणून भाव ठरवताना तो हिशेबात धरा.

.२२ बोअर: इथून परवाना सुरू होतो

२५ मीटरसाठी .२२ चं पिस्तूल लागतं. ट्रिगर किमान १००० ग्रॅम, वजन १४०० ग्रॅमपर्यंत. महिलांच्या सामन्यात ३० गोळ्या अचूकतेच्या आणि ३० जलद असतात. जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंदच समोर येतं, म्हणून इथे धक्का कमी देणारं आणि साइट लगेच जागेवर येणारं पिस्तूल हवं. सेंटर फायर या मोठ्या बोअरच्या प्रकारासाठी .३२ चालतं. ९ मिलिमीटर आपल्याकडे निषिद्ध (सर्वसामान्यांना परवाना न मिळणाऱ्या) बोअरमध्ये येतं, त्याचा विचारच नको. आयुध निर्माणीचं 'अशनी' .३२ चं असलं तरी ते स्वसंरक्षणासाठीचं आहे. त्याच्यावर स्पर्धेचे गुण मिळण्याची आशा धरू नका.

स्पर्धेची .२२ पिस्तुलं परदेशी बनावटीची असतात, आणि आयातीच्या सवलती नेमबाजाच्या दर्जावर अवलंबून असतात. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पात्रता गुण मिळवून 'रिनाउन्ड शॉट' (नामांकित नेमबाज) झालेल्याला ही वाट मोकळी होते. तोवर क्लबच्या पिस्तुलावर सराव करणं हाच शहाणपणाचा मार्ग.

पात्रता आणि अर्ज

स्वतःच्या नावाने बंदुकीचा परवाना मिळायला वय २१ पूर्ण हवं. त्याखालच्या मुलांना १२ वर्षांपासून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो, पण शस्त्र त्यांच्या नावावर होत नाही. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. अर्ज राष्ट्रीय शस्त्र परवाना पोर्टलवर ए-१ नमुन्यात भरायचा, त्याची प्रत काढायची आणि कागदांसह नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची.

सोबत ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी (एस-२) आणि शारीरिक-मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र (एस-३) जोडा. नेमबाजासाठी निर्णायक ठरतात ते रायफल क्लबच्या सदस्यत्वाचे आणि स्पर्धांतल्या गुणांचे कागद. 'खेळासाठी' हे नुसतं कारण लिहून अर्ज टिकत नाही. कोणता प्रकार खेळता, किती स्पर्धा झाल्या, कोणतं बोअर का हवं, हे स्वतःच्या सहीच्या पत्रात सरळ शब्दांत लिहा.

मग तुमच्या भागातलं पोलीस ठाणं चौकशी करतं. अहवालासाठी नियमात ३० दिवस आहेत आणि अहवालानंतर निर्णयासाठी ६० दिवस. तपासणीला घरी आले तर शस्त्र ठेवण्याचं कुलूपबंद कपाट दाखवता आलं पाहिजे, म्हणून ते आधीच बसवून घ्या. अर्ज नाकारला तर लेखी कारणं मागा. विभागीय आयुक्तांकडे ३० दिवसांत अपील करता येतं.

परवाना मिळाला की त्यावर लिहिलेल्या मुदतीत, लिहिलेल्या बोअरचंच शस्त्र घ्यायचं आणि परवान्यावर त्याची नोंद करून घ्यायची. मित्राचं पिस्तूल तोंडी व्यवहारावर घेणं हा गुन्हा आहे, मग तो मित्र कितीही जवळचा असो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान दोन महिने आधी द्या. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. त्या काळात स्पर्धा असेल तर संघटनेचं पत्र घेऊन आधीच सवलतीचा अर्ज करा, आदेशाची शेवटची तारीख येईपर्यंत थांबू नका.