पन्नास ज्यूलचं गाणं

चावीच्या ग्रामोफोनची मोटर बिघडली की दोन प्रकारचे आवाज ऐकू येतात. एक 'धाड्': चावी देता देता पेटीच्या आत काहीतरी जोरात आदळतं आणि हँडल एकदम मोकळं फिरायला लागतं. दुसरा 'धप्प': तबकडी चालू असताना पोटातून ठोका येतो आणि त्याबरोबर सूर क्षणभर हेलकावतो. पहिल्या आवाजाचा अर्थ बहुतेक वेळा स्प्रिंग तुटली असा असतो. दुसऱ्यात स्प्रिंग सहसा ठणठणीत असते, तिचं ग्रीस वाळलेलं असतं. तरीही लोक दोन्ही वेळा नवीन स्प्रिंग शोधायला बाहेर पडतात.

ग्रामोफोनचा शोध लावणाऱ्या एमिल बर्लिनरचे सुरुवातीचे ग्रामोफोन हाताने फिरवावे लागत. फिरवणाऱ्याचा हात दमला की गायकही दमल्यासारखा वाटे. 1896 मध्ये अमेरिकेतल्या कॅम्डेन गावच्या एल्ड्रिज जॉन्सनने त्यासाठी स्प्रिंगची मोटर बनवून दिली आणि हे यंत्र घराघरांत जाण्याजोगं झालं. वीज न पोचलेल्या गावातही ते वाजू शकत होतं. आपल्याकडे बालगंधर्वांची पदं वाड्यावस्त्यांवर पोचली, त्यात या मोटरचाही वाटा आहे.

मोटरच्या मुळाशी असते पोलादाची एक लांब पट्टी. साधारण पोर्टेबल यंत्रात ती इंचभर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड आणि तीन-एक मीटर लांब असते. गोल डबीत गुंडाळलेल्या या पट्टीचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं आणि आतलं टोक मधल्या दांड्याला. चावी दिली की ती दांड्याभोवती घट्ट आवळते. ढोबळ हिशेब केला तर पूर्ण चावी दिलेल्या अशा स्प्रिंगमध्ये 50 ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. पाच किलो वजन एक मीटर उचलायला लागते तेवढीच. घड्याळातला साधा पेन्सिल सेल याच्या दोनशेपट ऊर्जा बाळगतो. तरी या 50 ज्यूलवर दहा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू, म्हणजे सहा-एक मिनिटं गाणं वाजतं. सरासरी शक्ती वॉटच्या सातव्या भागाइतकी पडते.

हीच ऊर्जा सहा मिनिटांऐवजी सेकंदाच्या अंशात बाहेर पडली तर बोट फाटतं. तुटणारी स्प्रिंग चक्रांचे दातेही सोबत घेऊन जाते, ते याचमुळे.

ऊर्जा हळू सोडायचं काम गव्हर्नरचं. पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजनं वेगाने फिरतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा फेल्टच्या गादीवर घासते. बाहेर ओढणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून वेग दोन टक्के वाढला तर ते चार टक्के वाढतं आणि ब्रेक लगेच लागतो. स्प्रिंगचा जोर सुरुवातीला भरपूर आणि शेवटी निम्म्याच्याही खाली आला तरी तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांवर टिकते ती यामुळे. जास्तीचा जोर घर्षणात उष्णता होऊन जातो. म्हणजे मोटर आपली बरीचशी ऊर्जा मुद्दाम वाया घालवते, आणि मला या यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते.

'धप्प' आवाजाला मात्र गव्हर्नर पुरा पडत नाही. पट्टीचे वेढे एकमेकांवरून सरकत उलगडायला हवेत. पन्नास-साठ वर्षांत ग्रीसमधलं तेल उडून जातं आणि उरतो काळा, लाखेसारखा चिकट थर. वेढे त्यात अडकून राहतात, ताण साचतो आणि मग दोन-तीन वेढे एकदम सुटतात. तो झटका इतका अचानक असतो की वजनांना सावरायला उसंत मिळत नाही.

काहीही उघडण्याआधी मोटर रिकामी फिरवून चावी पूर्ण उतरवायची. चावी भरलेली असताना गव्हर्नर काढला तर चक्रांना रोखणारं कोणी उरत नाही आणि दाते सोलून निघतात. उतरवल्यावरही डबीतली स्प्रिंग निवांत नसते, ती भिंतीला दाबून बसलेली असते. जाड चामडी हातमोजे घालून आणि डबी गोणपाटात धरून मधला वेढा पकडीने वर ओढायचा आणि बाकीचे एकेक करून हाताच्या दाबाखाली बाहेर येऊ द्यायचे. घाई केली तर सगळी पट्टी एकदम उसळते, आणि तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

बाहेर आलेली स्प्रिंग जमिनीवर ठेवून पाहावी. चांगली पट्टी ऐसपैस पसरते. थकलेली डबीपेक्षा जरा मोठं कडं करून तिथेच बसते, म्हणजे पोलादाने वाकलेला आकार कायमचा स्वीकारलेला असतो. तुटलेली असेल तर ती बहुधा आतल्या टोकाजवळ तुटते, कारण तिथे वाक सगळ्यात तीव्र असतो. किंवा टोक अडकवण्यासाठी पाडलेल्या भोकापाशी, कारण भोकाच्या कडेला ताण एकवटतो. गंजाच्या एखाद्या ठिपक्यातून सुरू झालेली बारीक चीर दर चावीला थोडी पुढे सरकत असते. तुटलेल्या कडेवर जुना भाग काळपट आणि शेवटी तुटलेला भाग चकचकीत असा फरक कधी कधी डोळ्यांना दिसतो.

टोकच गेलं असेल तर पट्टी वाचवता येते. तेवढा भाग लाल होईपर्यंत तापवून हळूहळू गार होऊ द्यायचा, म्हणजे पोलाद मऊ पडतं आणि भोक पाडता येतं. पण उष्णता पुढे पसरू द्यायची नाही. या पोलादाला लवचीकपणा मिळतो तो आधी कडक करून मग तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा तापवल्यामुळे. पट्टीवरची निळी झाक त्याच तापमानाला धरलेल्या ऑक्साइडच्या पातळ थराची असते. अर्थात चिरेचं कारण गंज असेल तर हा खटाटोप करू नये, पुढची चीर तयारच असते.

नवी स्प्रिंग घेताना जाडी मायक्रोमीटरने मोजावी, अंदाजाने घेऊ नये. लांबी-रुंदी तीच ठेवली तर स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: जाडी 10 टक्के जास्त, तर ताठपणा 33 टक्के जास्त. 'जरा दणकट टाका' हा दुकानातला सल्ला म्हणूनच महागात पडतो. मुंबईच्या चोर बाजारात पितळी भोंग्याचे नवे-जुने जोडकाम केलेले ग्रामोफोन मिळतात, त्यांत तर मोटर एका यंत्राची आणि स्प्रिंग भलत्याच यंत्राची असू शकते. लांब पट्टी कोंबूनही फायदा नाही. डबीतल्या मोकळ्या जागेचा निम्मा भाग पट्टीने व्यापला की जास्तीत जास्त फेरे मिळतात. त्याहून जास्त भरली तर तिला उलगडायलाच जागा राहत नाही.

बसवताना वेढ्यांची दिशा जुन्या स्प्रिंगसारखीच हवी. उलटी बसली तर दांड्याचा खिळा भोकात अडकत नाही आणि चावी नुसती घसरते. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन, पट्टी पूर्ण कोरडी करून, ग्राफाइटचं ग्रीस पातळ हाताने लावायचं. डबी भरून टाकायची गरज नसते.

शेवटी वेग. तबकडीवर 77 रेघांची कागदी चकती ठेवायची. 50 हर्ट्‌झच्या विजेवरचा जुन्या पद्धतीचा ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उजळतो, त्यामुळे 77.92 फेऱ्यांवर रेघा थांबल्यासारख्या दिसतात. रेघा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे गेल्या तर कमी. त्याप्रमाणे वेगाचा स्क्रू फिरवायचा. वेग सहा टक्के जास्त झाला की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर, गायला लागतो. चांगल्या एलईडी दिव्याखाली ही चाचणी बहुधा जमत नाही, कारण तो लुकलुकतच नाही.