ठिपके हलवून बघा

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी पडतात. भोकं पाडलेला कागद अंथरायचा, वरून रांगोळी पसरायची, कागद उचलायचा. ठिपके जागेवर बसले की मग रेषा. चुकलीच तर रेषा चुकते. माणसामाणसांतल्या ओळखीपाळखीचं जाळं कागदावर मांडायला घेतलं की हा क्रम उलटतो. कोण कोणाला ओळखतं एवढंच माहीत असतं, म्हणजे रेषा पक्क्या. माणसाचा ठिपका कागदावर कुठे बसवायचा, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

हा घोळ जुना आहे. जेकब मोरेनो हे मानसोपचारतज्ज्ञ १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अशी चित्रं काढत होते. वर्गातल्या मुलांना विचारायचं, शेजारी कोण बसलेलं आवडेल? मग मुलगा म्हणजे त्रिकोण, मुलगी म्हणजे वर्तुळ आणि निवड म्हणजे रेषा. एप्रिल १९३३मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या नव्या ‘भूगोला’ची बातमी छापली. चित्रं हातानेच काढलेली, त्यामुळे कोणता त्रिकोण कुठे हे मोरेनोंच्या नजरेवर. ठिपके-रेषांच्या अशा जाळ्याला गणितात ‘ग्राफ’ म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर काढला तो आलेख वेगळा.

जाळ्यांच्या अभ्यासात एक उदाहरण इतकं वापरून गुळगुळीत झालंय, की परिषदेत जो पहिल्यांदा ते काढेल त्याला गमतीने एक ट्रॉफी दिली जाते. मीही तेच घेतोय, कारण ते हाताच्या मापाचं आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला कराटे क्लब. वेन झॅकरी या संशोधकाने १९७० ते १९७२ या काळात तो जवळून पाहिला आणि १९७७ साली त्यावर निबंध छापला. ३४ माणसं. क्लबबाहेरही एकमेकांत ऊठबस असणाऱ्यांच्या ७८ जोड्या. क्लबमध्ये फीवरून वाद पेटला. शिकवणाऱ्याला फी वाढवायची होती, अध्यक्षाला नको होती. शेवटी क्लब फुटला. झॅकरीने नावं झाकून नंबर दिले. शिकवणारा १, अध्यक्ष ३४. या दोघांमध्ये रेषा नाही.

हे ३४ ठिपके आधी एका गोलावर ओळीने मांडून बघा. मधे ७८ रेषांची जाळी दिसते, बाजेच्या विणीसारखी. भांडण कुठे आहे, काही कळत नाही. आता संगणकाला सांगायचं की प्रत्येक रेषा म्हणजे ताणलेली स्प्रिंग समज, आणि कोणतेही दोन ठिपके एकमेकांना दूर ढकलतात असं मान. ही युक्ती पीटर ईड्स यांनी १९८४मध्ये मांडली. गेफी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की ठिपके धावायला लागतात, लटपटतात, थोड्या वेळाने स्थिरावतात. आणि क्लब दोन घोळक्यांत पसरतो. एकाच्या मध्यात १, दुसऱ्याच्या मध्यात ३४. माहिती तीच, एकही रेषा बदललेली नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. इथेच फसायला होतं.

चित्रात ३४ नंबरच्या मागच्या बाजूला १५, १६, १९, २१ आणि २३ हे पाच ठिपके जवळजवळ बसतात. बघणारा म्हणतो, ही टोळी दिसतेय, जिवलग मित्र असणार. आता माउसचा बाण १५वर न्या. त्याचे शेजारी उजळतात, बाकीचं चित्र फिकं पडतं. उजळले फक्त दोन, ३३ आणि ३४. १६वर न्या, पुन्हा तेच दोन. पाचही जणांचं तसंच. या पाचांत आपसात एकही रेषा नाही. त्यांना जवळ आणून बसवलंय ते त्या दोन सामाईक ओळखींनी. डोळा मात्र जवळ म्हणजे मित्र असंच वाचतो, लग्नाच्या फोटोत शेजारी उभे राहिलेले दोघे व्याही वाटावेत तसं. डावं-उजवं, वर-खाली यालाही इथे अर्थ नसतो. सुरुवात वेगळ्या जागेवरून झाली, तर १चा घोळका पलीकडे जाऊन बसेल.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जाळ्याचं छापील चित्र हे अर्धवट चित्र असतं. त्याला हात लावता आला पाहिजे. ठिपका धरून ओढा, टाचणी मारल्यासारखा एका जागी अडकवा आणि मागे कोण कोण खेचलं जातं ते बघा. किंवा सरळ १ला पुसून टाका. क्षणात ५, ६, ७, ११ आणि १७ हे पाच जण एकमेकांना धरून बाजूला तरंगत जातात, कारण बाकीच्यांशी त्यांचा संबंध एकट्या १मार्फतच होता. १२ तर पूर्ण एकटा पडतो. उरलेले २७ जोडलेले राहतात. मोरेनोंना हे कळायला खोडरबर आणि एक दुपार लागली असती.

चाळणीचा पट्टाही असतो. तीनपेक्षा कमी ओळखी असलेले लपव म्हटलं की ३४पैकी १२ जण गायब होतात आणि चित्र छान मोकळं होतं. पण गेलेल्यांत १० नंबरही असतो. त्याला दोनच रेषा, एक ३ला आणि एक ३४ला, म्हणजे दोन्ही गोटांत एकेक पाय. फूट समजून घ्यायची, तर असे कुंपणावरचेच बघायचे असतात. चाळणी वापरा, पण काय चाळलं गेलं तेही एकदा बघा.

३४ माणसांचं हे कौतुक १०,००० माणसांपुढे मात्र टिकत नाही. तिथे स्क्रीनवर न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता दिसतो. या धंद्यातले लोकही त्याला साधारण तेच म्हणतात. गणिताचंही ओझं वाढतं. प्रत्येक जोडी एकमेकांना ढकलणार, तर ३४ जणांत ५६१ जोड्या होतात, १०,००० जणांत जवळजवळ पाच कोटी, आणि त्याही ठिपके हलण्याच्या प्रत्येक टप्प्याला. यातून सुटका केली ती खगोलशास्त्राने. दूरच्या तारकागुच्छाचं ओढणं मोजताना एकेक तारा धरायची गरज नाही, सगळा गुच्छ एकच जड गोळा मानला तरी चालतं, हे जोश बार्न्स आणि पीट हट यांनी १९८६मध्ये दाखवलं. तेच इथे. लांबच्या घोळक्याला एक ठिपका समजा आणि पुढे चला.

हिशोब सुटला, तरी डोळ्यांचं काय? बेन श्नायडरमन यांनी १९९६मध्ये दिलेला क्रम आजही पाळला जातो. आधी सगळ्याचा एक फेरफटका, मग जवळ जाणं आणि चाळणं, तपशील मागितला तेव्हाच. घोळका मिटवून एक मोठा ठिपका करायचा, त्यावर टिचकी मारली की तो उघडतो. मला सगळ्यात आवडलेली सोय २००९च्या आसपासची आहे. लांबच लांब रेषा पकडून पलीकडच्या टोकापर्यंत स्क्रीन सरकवत जाण्याऐवजी ठिपक्यावर माउस दाबून धरायचा, की त्याचे सगळे शेजारी, कुठेही असोत, त्याच्याभोवती येऊन बसतात. हव्या त्याच्यावर बोट सोडलं की आपण त्याच्या घरी.

रेषाच नकोत, असंही एक घराणं आहे. जुन्या डायरीच्या शेवटी शहरांमधल्या अंतरांचा तक्ता असायचा, आडवी मुंबई, उभं नागपूर. तसाच माणसांचा करायचा, ओळख असली तर घर काळं, नसली तर पांढरं. क्लबचा तक्ता ३४ गुणिले ३४, म्हणजे १,१५६ घरांचा. इथे गुंता होऊच शकत नाही. जाँ-दानिएल फेकेट आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना छापली. जाळं वीसेक ठिपक्यांपलीकडे गेलं, की बऱ्याचशा कामांत तक्ता सरस ठरला. अमक्यापासून तमक्यापर्यंत वाट शोधायची असेल, तर मात्र रेषाच बऱ्या. तक्त्यातही हात चालवावा लागतो. नंबराच्या क्रमाने ओळी लावल्या तर काळी घरं तिळासारखी विखुरतात. ओळी ओढून सारख्या सारख्याजवळ आणल्या, की चौकोनी ठोकळे उमटतात. आणि आपले ते पाच? १५, १६, १९, २१, २३ या ओळी एकाखाली एक ठेवल्या, तर एकमेकींच्या झेरॉक्स निघतात. प्रत्येकीत तीच दोन काळी घरं, आणि त्या पाचांच्या आपसातला चौकोन कोरा. तक्ता त्यांना मित्र म्हणत नाही.

राहिला ९ नंबर. स्प्रिंगच्या चित्रात तो दोन घोळक्यांच्या मधोमध येतो. त्याला पाच रेषा आहेत. १ आणि ३ला धरून दोन एका बाजूला, ३१, ३३ आणि ३४ला धरून तीन दुसऱ्या. झॅकरीने ओळखी किती घट्ट आहेत त्यावरून जाळं सगळ्यात सहज कुठे तुटेल याचं गणित केलं, आणि फुटीनंतर कोण कुठल्या क्लबात गेलं त्याच्याशी ताडून पाहिलं. एकट्या ९चं उत्तर चुकलं. गणिताने त्याला अध्यक्षाकडे टाकलं होतं, तो गेला शिकवणाऱ्याकडे. त्याचा ठिपका कितीही ओढला, कितीही उजळला, तरी याचं कारण चित्रात सापडत नाही. ते निबंधात आहे. अध्यक्षाच्या बाजूला गेला असता तर नव्या शैलीत पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते.