घोरपडीची पेटी: उंची नंतर, आधी उंबरठा

"८ बाय ४ बाय ४ फुटांची पेटी केली, आता सॅव्हाना मॉनिटर आणतोय," असं ही आफ्रिकन घोरपड पाळू पाहणाऱ्या कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दाराचा उंबरठा तळापासून किती वर आहे? उत्तर बहुधा "असेल चारेक इंच" असं येतं. मग पेटी ४ फूट उंच असून उपयोग काय? माती चार इंचच राहणार. त्याहून जास्त भरली तर दार उघडल्यावर ती बाहेर सांडणार.

घोळ मापांच्या पाटीपासूनच सुरू होतो. तिथे लांबी, खोली, उंची असे तीन आकडे असतात. त्यातली खोली म्हणजे समोरच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. मातीची खोली ही वेगळीच गोष्ट, आणि ती पाटीवर नसते. ती ठरते उंबरठ्यावर.

लांबी-रुंदीबद्दल फार बोलत नाही. पूर्ण वाढलेली सॅव्हाना साधारण ३ ते साडेतीन फुटांची होते, म्हणून ८ बाय ४ चा तळ हवा, हे आता बहुतेकांना माहीत आहे. माप लिटरमध्ये मात्र सांगू नका, त्यावरून तळ किती आणि माती किती हे काहीच कळत नाही. आणि "पिल्लू लहान आहे, पेटीचं नंतर बघू" हेही नको. वर्ष-दीड वर्षात ते पिल्लू राहत नाही, आणि पेटी लहान ठेवली म्हणून प्राणी लहान राहतो ही निव्वळ थाप आहे.

आता खरा फरक. न्यू गिनीतली ग्रीन ट्री मॉनिटर आणि आफ्रिकेतली सॅव्हाना मॉनिटर या दोघी घोरपडीच, आणि दोघींना उंच पेटी लागते असंच ऐकू येतं. ते खरंही आहे, पण ट्री मॉनिटरला उंची वर हवी असते आणि सॅव्हानाला खाली. ट्री मॉनिटर फांदीला शेपटीचा विळखा घालून झाडावर राहते. तिच्या ६ फुटी पेटीत उभ्या-आडव्या फांद्या आणि दाट पानं हवीत. सॅव्हानाच्या ४ फुटी पेटीत खालचे २ फूट माती आणि वरचे २ फूट हवा, असा हिशोब आहे. दोन्ही पेट्या उंच असल्या तरी एकमेकींच्या जागी अजिबात चालत नाहीत.

सॅव्हानाला बीळ हे लपण्यापुरतं लागत नाही. घानामध्ये या जातीची पिल्लं मोठ्या रातकिड्यांनी खोदलेल्या बिळांत राहताना आढळली आहेत. "सॅव्हाना म्हणजे कोरडा प्रदेश, म्हणून कोरडी पेटी" हा समज इथेच चुकतो, कारण जमिनीवर रखरखाट असला तरी बिळात दमट असतं. पेटीत दिव्याखालचा दगड ५५-६० अंशांच्या घरात तापवावा लागतो (दगडाचा पृष्ठभाग, हवा नव्हे), आणि त्या उष्णतेने वरची हवा कोरडी पडते. ओलं बीळ नसेल तर प्राण्याच्या अंगातलं पाणी हळूहळू कमी होत जातं, मूत्रपिंडांवर ताण येतो, गाऊट (सांध्यांत आणि अवयवांत युरिक अॅसिड साचण्याचा आजार) होतो. माती नसेल तर मादीला अंडी घालायलाही जागा उरत नाही, आणि ती पोटातच अडकू शकतात. वर जाळीचं झाकण असेल तर ओलावा आणखी लवकर उडतो. मला जाळीचं झाकण मुळीच मान्य नाही.

एक सॅव्हाना अजून डोळ्यांसमोर आहे. चार इंच लाकडाच्या सालीवर ठेवली होती. कोपऱ्यात पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने चालवायची, साल मागे उडायची आणि नखं खालच्या प्लायवूडवर करकरायची. नाकाचं टोक काचेवर घासून सोललं होतं. मालकाला वाटायचं, खेळतेय. खोल मातीत सोडल्यावर ती तासाभरात शेपटीसकट दिसेनाशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी फक्त डोकं बाहेर काढून बसली होती. कोपरा खरवडणं त्यानंतर पाहिलं नाही.

माती कुठली? बागेतली, खतं-औषधं न मारलेली माती आणि वाळू. पाणी शिंपडून मूठ आवळायची. गोळा झाला, बोटाने टोचल्यावर फुटला पण त्याचा भुगा झाला नाही, तर बीळ टिकेल. नुसती वाळू किंवा सैल भुसा ढासळतो, आणि आत असलेला प्राणी गाडला जातो. जड दगड मातीवर ठेवायचे नाहीत, ते थेट पेटीच्या तळावर टेकवायचे. खालून माती उकरली तरी मग ते घसरत नाहीत.

आणि वजन. ८ बाय ४ च्या तळावर २ फूट माती म्हणजे ६४ घनफूट, ओली असताना अडीच टनांच्या पुढे. चौरस मीटरला ९०० किलोच्या आसपास भार पडतो. घरातल्या खोल्या साधारण २०० किलो धरून बांधतात. म्हणून ही पेटी तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवरच ठेवावी. तसं जमत नसेल तर सॅव्हाना आणू नये, या बाबतीत माझी तडजोड नाही.

पेटी आधीच घेतली असेल तर खालची सरकती काच काढून तिथे २ फूट उंच फळी पक्की बसवता येते. आतून जलरोधक थर द्यायचा, सांधे सिलिकॉनने भरायचे, बाजूंना आडव्या पट्ट्यांचा आधार द्यायचा. ओली माती भिंती बाहेर ढकलते. दार त्या फळीच्या वर बसवायचं. दिवा शेवटी लावायचा, माती आठवडाभर बसल्यावर, कारण ती दोन-तीन इंच खाली गेली की दगडावरचं तापमानही बदलतं.