ठासणीची रायफल आणि टेकूवरची नेमबाजी

ठासणीची रायफल म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, पण नळीला आतून पीळदार खाचा असलेली बंदूक. मुंबईत राहणाऱ्या पण गाव कोकणात असलेल्या लोकांना ठासणीची बंदूक वेगळी सांगायला नको, डुकरं-वानरं हाकलायला कुणाच्या तरी घरात ती असतेच. पण ती बहुतेक गुळगुळीत नळीची, छर्रे मारायची, म्हणून तिला रायफल म्हणता येत नाही. टेकूवरची नेमबाजी म्हणजे बंदूक हातावर न तोलता ओंडका, काठ्या किंवा वाळूच्या पिशव्या अशा कशावर तरी टेकवून मारणं. या नोंदीत मुख्य विषय एकच रायफल अशा वेगवेगळ्या स्पर्धांना कितपत पुरते हा आहे.

नळीत पीळ पहिल्यांदा कोणी पाडला यावर जुन्या कोशांमध्ये एकमत नाही. कुणी व्हिएन्नाचा बंदूक-कारागीर कोलनर याचं नाव देतं, कुणी न्यूरेंबर्गच्या कोटरचं. काळ साधारण पंधराव्या शतकाच्या शेवटापासून सोळाव्याच्या पहिल्या वीसेक वर्षांपर्यंत कुठेतरी, त्याहून नेमकं साल सांगणारे जरा जास्तच धीट म्हणायचे. खाचा मुळात काजळी साठायला जागा म्हणून सरळ पाडल्या आणि पीळ नंतर आला असं एक मत आहे. दुसरं मत असं की बाणाला तिरकी पिसं लावून तो फिरवायची युक्ती आधीच माहीत होती, तीच नळीत आली. हे जास्त पटतं, कारण सरळ खाचांनी गोळी फिरतच नाही. फिरणारी गोळी सरळ का जाते याची नीट मांडणी मात्र बरीच उशिरा, १७४७ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने रॉयल सोसायटीपुढे केली. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

टेकू आपल्याकडे नवा नाही. जेजाला, म्हणजे लांब नळीच्या जड बंदुका, किल्ल्याच्या तटावर टेकवूनच उडवत. स्पर्धा म्हणून हे सगळं वाढलं ते अमेरिकेत, तिथली ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ ची आहे आणि तिचं मैदान इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाच्या गावी आहे. प्रकार मोठे तीन. ओंडक्यावरचा, म्हणजे पालथं पडून नळी लाकडावर ठेवायची, अंतर बहुधा ६० यार्ड, चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी, साधी माशी (नळीवरची नेमाची खूण), आणि १० बारांचं मध्यापासूनचं अंतर दोरीने मोजून एकत्र करायचं, ज्याची दोरी सगळ्यात आखूड तो जिंकला. पहिल्या महायुद्धात गाजलेला अमेरिकन सार्जंट यॉर्क टेनेसीतल्या अशाच गावरान नेमबाजीत तयार झालेला. दुसरा प्रकार कैचीच्या काठ्यांचा, दोन काठ्या वर बांधून फुलीसारख्या रोवायच्या आणि मागे बसून मारायचं. तिसरा टेबलावरचा, त्यात १०० आणि २०० यार्डांवर अगदी जड नळ्याही येतात.

आता एकच रायफल या तिन्हीकडे न्यायची तर खरा अडथळा टेकूचा नाही, पिळाचा आहे. गोळी जितकी लांब तितका पीळ दाट लागतो. ग्रीनहिल या इंग्लिश गणितज्ञाच्या १८७९ च्या सूत्रात व्यासाचा वर्ग गुणिले १५० भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात, की एका पूर्ण फेऱ्याला किती इंच नळी लागेल ते येतं. गोल गोळीत लांबी आणि व्यास एकच, म्हणजे ०.४५ इंचाच्या गोळीला ६७ इंचांत एक फेरा चालतो. तोच व्यास ठेवून सव्वा इंच लांबीची गोळी घेतली तर २४ इंचांत फेरा हवा. सूत्र लांबट गोळ्यांसाठी आहे, गोल गोळीला ते लावणं म्हणजे थोडी ओढाताणच, पण दिशा कळते. म्हणून इंग्लिश इंजिनिअर व्हिटवर्थच्या लांब गोळीच्या षटकोनी नळीला २० इंचांत फेरा होता, आणि १८५३ च्या एन्फिल्डला ७८ इंचांत (ही तीच एन्फिल्ड, जिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ ला भडका उडाला). एन्फिल्डचा पीळ पुढे १८६० च्या आखूड रायफलीत ४८ इंचांवर आला. हाच ४८ चा आकडा विसाव्या शतकातल्या नव्या ठासणी रायफलींत दोन्ही प्रकारच्या गोळ्या चालाव्यात म्हणून घेतलेला दिसतो. चालतात, पण दोन्ही अर्धवटच, असं बरेच जुने नेमबाज म्हणतात आणि ते खोटं वाटत नाही. ज्याला एकच रायफल ठेवायची त्याने गोल गोळीचा सैल पीळ घ्यावा हे बरं, मग ओंडका आणि काठ्या पूर्ण मिळतात आणि टेबलावरही गोल गोळीच्या गटात नाव घालता येतं.

जड नळ्यांचा गट मात्र सोडूनच द्यावा लागतो. त्या रायफली पंधरा-वीस किलोच्या आणि त्याहूनही जड, लांब गोळी कागदात गुंडाळलेली, आणि भरताना नळीच्या तोंडावर खोटं तोंड बसवतात. हे त्याच नळीचा टोकाचा कापलेला तुकडा असतं, खिळ्यांनी जुळवलेलं, म्हणजे गोळी तिरकी न जाता सरळ आत शिरते आणि खऱ्या तोंडाची झीज होत नाही. बार काढण्याआधी ते काढायला विसरलं तर तेही गोळीबरोबर उडणार, म्हणून त्यावर नेमाच्या आड येईल अशी एक मुठीसारखी गाठ ठेवतात. याचं पेटंट १८४० चं, अल्व्हन क्लार्कच्या नावावर. क्लार्क तेव्हा माणसांची चित्रं काढून पोट भरायचा, पुढे दुर्बिणीची भिंगं करून नावाजला, आणि १८६२ मध्ये व्याध ताऱ्याचा जोडीदार दिसला तो त्याच्या मुलाला, त्यांनीच घासलेल्या भिंगातून.

टेकू बदलला की त्याच रायफलीचा मार हलतो. गोळी नळीत असतानाच धक्का सुरू झालेला असतो, त्यामुळे कडक लाकडावर नळी टेकवली आणि नंतर मऊ पिशवीवर दस्त्याचा पुढचा भाग टेकवला तर बार एकाच जागी बसत नाहीत. त्यामुळे दर टेकूसाठी दारूचं माप आणि माशीची खूण वेगळी लिहून ठेवावी लागते, आणि टेकायची जागा तसूभरही हलवायची नाही. दोन बारांमध्ये ओल्या चिंधीने नळी पुसली नाही तर काजळीमुळे पाचव्या-सहाव्या गोळीलाच गज अडतो.

मुंबईत वरळीच्या रेंजवर एअर रायफल आणि पॉइंट टू टू चालते, टेकूवरची ठासणी नाही. कायद्यातही (१९५९ चा शस्त्र कायदा) ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे तो पीक राखण्यासाठी, स्पर्धेसाठी नाही. हवाही सोयीची नाही, काळ्या दारूची काजळी दमट हवेतलं पाणी ओढते आणि समुद्राजवळ पावसाळ्यात न धुतलेली नळी रात्रीत गंजायला लागते, तेव्हा त्याच दिवशी गरम पाणी आणि मग तेल.